चांदणीचं सहभागी निरीक्षण

अनेकांत चौगुलेला बर्लिनला जायचं होतं, आणि त्यासाठी आधी गंगावेशीतली एक म्हैस समजून घ्यावी लागणार होती.

उपक्रमाचं नाव होतं 'शहरातलं शहर'. कॉलेजच्या मुलांनी कोल्हापुरातले लहान लहान समाज, त्यांच्या चालीरीती आणि बाहेरच्याला न दिसणारे त्यांचे नाद शोधून काढायचे, त्यांच्यात मिसळायचं आणि शेवटी पुण्याहून येणाऱ्या मॅडमांपुढे ते मांडायचं. ज्याचं काम सगळ्यात सरस, त्याला वर्षभराची फेलोशिप. ती कुठली, हे कुणी सांगितलं नव्हतं. पण पोस्टरवर मागे बर्लिनचा फोटो होता, आणि फोटो उगीच कोण कशाला टाकेल?

फेलोशिप मिळाली नाही तर काय, हेही ठरलेलं होतं. अनेकांतच्या काकांचा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कारखाना होता. तिथल्या स्टोअरमध्ये बसून नट एका खोक्यात आणि बोल्ट दुसऱ्या खोक्यात ठेवायला घरातला विश्वासू माणूस हवा होता. शिरोळला उसात उभं राहून त्याचे वडील नेमगोंडा यांनी फोनवर निकाल दिला होता, "हे बघ, दिवाळी सरली की एक तर इमान, न्हाय तर कागलची एसटी. तिसरं काय न्हाय."

आई पद्मावतीने मात्र विमान धरूनच तयारी चालवली होती. जैन घर, म्हणून लसूण न घातलेल्या चार तऱ्हेच्या कोरड्या चटण्या बरणीबंद झाल्या होत्या आणि एक स्वेटर बाहीपर्यंत विणून झाला होता. जर्मनीत कांदा-लसूण नसलेलं काय मिळतं, याची तिने गावभर चौकशी केली. शेजारचे बाळासो म्हणाले, "बर्फ."

विषय चिठ्ठ्या टाकून वाटले गेले. अनेकांतला गांधीनगरचा सिंधी समाज हवा होता, कारण पापड. तो दुसऱ्याच कुणाला गेला. त्याच्या वर्गातल्या रुचिताला थंडीत स्वेटर विकायला येणारे तिबेटी आले, सम्राटला गुऱ्हाळावरचे गुळवे आले आणि अनेकांतला गवळी आले. त्यातही दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवून मोटारसायकलच्या मागे पळवणारे गवळी.

तो गंगावेशीत पिराजीच्या गोठ्यावर गेला. एकदा जाऊन धारोष्ण दूध पिऊन आला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा दूध पितानाचा फोटो काढून आला. बाकीचं इंटरनेटवरून घेतलं आणि अहवालाच्या शेवटी लिहिलं, 'अशा रीतीने संशोधक गवळी समाजाशी एकरूप झाला.' स्लाइडही झकास झाल्या. सातव्या स्लाइडवर तर त्याचा विशेष जीव होता. 'म्हैस मालकाच्या मोटारसायकलचा आवाज ओळखते आणि तिच्यामागे धावते.' हे वाक्य म्हणताना उजवा हात कसा फिरवायचा, याचा त्याने आरशासमोर सराव केला होता.

सादरीकरणाच्या सकाळी तो मोपेडवरून पिराजीकडे निघाला. टेबलावर मांडायला म्हशीची कवड्यांची माळ आणि मोरपिसांचा तुरा मागून आणायचा होता. मागे रुचिता बसली होती आणि तिच्या मांडीवर तिबेटी स्वेटरांचं गाठोडं होतं. गोठ्याच्या दारात मोपेड बंद पडली ती पडलीच.

पिराजी पांढराशुभ्र शर्ट घालून जीपची वाट बघत उभा होता. मुलगी बघायला गगनबावड्याला निघाला होता. त्याने माळ आणि तुरा काढून दिला आणि किका मारून घामाघूम झालेल्या अनेकांतकडे थोडा वेळ बघितलं.

"काय पावणं, मोपेड मेली का?"

"मेली, पिराजीदादा. अकराला कॉलेजात पोचायचंय. पुण्याच्या मॅडम आल्यात."

"मग माझी न्या की. मी काय आज जीपनं चाललोय." त्याने किल्ली फेकली. "फकस्त सावकाश."

"मी हळूच चालवतो."

"चालवा की कशी बी. चालू सावकाश करा म्हंतोय." एवढ्यात जीप आली आणि पिराजी होऊ घातलेल्या सासुरवाडीच्या दिशेने गेला.

पिराजीच्या गाडीच्या सायलेन्सरची, आवाज दाबणारी पुंगळी काढलेली होती. अनेकांतने किक मारली आणि घाबरून मूठ दोनदा पिळली. समोरच्या पिंपळावरची कबुतरं उठली. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं. त्याच वेळी गोठ्यामागे पिराजीची आई बनाबाई पाइप धरून चांदणी म्हशीला धूत होती, आणि धुवायला सोपं जावं म्हणून तिने दावं सोडलेलं होतं. चांदणी रंगाने अमावस्या होती. तिने मान वर केली. पाडवा आठवड्यावर आला होता आणि तिची रोजची तालीम चालू होती.

पापाच्या तिकटीचा चौक मागे पडल्यावर रुचिताने मागे वळून बघितलं.

"अनेकांत, तुझ्या सातव्या स्लाइडवर काय आहे?"

"आत्ता कशाला?"

"म्हण तर खरं."

"म्हैस मालकाच्या मोटारसायकलचा आवाज ओळखते आणि तिच्यामागे धावते."

"बरोबर लिहिलंयस," रुचिता म्हणाली.

अनेकांतने आरशात बघितलं. आरसाभर म्हैस होती.

त्याने वेग वाढवला. चांदणीनेही वाढवला, कारण महिनाभर तिला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. त्याने वेग कमी केला. चांदणी शेजारी आली आणि ओलं नाक स्वेटरांच्या गाठोड्यावर टेकून चालू लागली. तो एका बोळात शिरला. बोळ अरुंद होता, पण चांदणी पेठेत जन्मलेली होती आणि अनेकांत शिरोळचा. बोळाच्या दुसऱ्या टोकाला ती त्याच्या आधी येऊन उभी होती.

शेवटी त्याने गाडी बंद केली आणि पिराजीला फोन लावला.

"पिराजीदादा, चांदणी मागं आलीय."

"येणारच की. सावकाश चालू कर म्हनलं नव्हतं व्हय? आता थांबलाय का पळताय?"

"थांबलोय."

"गूळ दिला?"

"कसला गूळ?"

"पळून झाल्यावर गूळ द्यायचा असतोय तिला. न्हाय दिला तर तिला वाटतंय, अजून पळायचं ऱ्हायलंय."

"मग देतो. दुकान आहे समोर."

"आरं थांब, थांब. गूळ खाल्ला की ती हाय तितंच बसती. मग उटवायला गल्ली लागती. कुटं हाईस तू?"

"बिंदू चौकाच्या अलीकडं. गाडी इथंच ठेवून रिक्षानं जाऊ का?"

"जा की. गाडी हाय तितं म्हैस हाय. ती बिंदू चौकात एकटी दिसली तर माझी आई तुला काय करंल, ते मी आत्ताच सांगत न्हाय. आता घाट लागला, रेंज..." आणि पिराजी गगनबावड्याच्या ढगात गेला.

रुचिताने घड्याळ बघितलं. "परत सोडून येऊ या."

"चल."

"पण मग अकरा चुकणार. मगदूम सरांनी सांगितलंय, नाव पुकारलं आणि माणूस नसला तर पुढचं नाव."

अनेकांतच्या डोळ्यांपुढे दोन खोकी आली, एक नटाचं, एक बोल्टाचं. नावाप्रमाणेच त्याला प्रत्येक गोष्टीच्या चार बाजू दिसायच्या आणि त्या बघता बघता दिवस जायचा. आज पहिल्यांदाच एकच बाजू दिसली. त्याने किक मारली.

बिंदू चौकात पोलिसाने हात केला. आधी मोटारसायकल थांबली, मग म्हैस थांबली.

"लायसन?"

अनेकांतने दाखवलं.

"गाडी कुणाची?"

"दुसऱ्याची."

"म्हैस?"

"तीपण."

"पुंगळी कुठं गेली?"

"त्यांनी काढलीय. म्हशीला ऐकू यावं म्हणून."

पोलिसाने चांदणीकडे बघितलं. "तिला ऐकू येतंय. मला बी येतंय. घरात माझ्या बायकोला बी आलं असंल. निघालाय कुठं?"

"परीक्षेला," अनेकांत म्हणाला. त्याच्या दृष्टीने ते खरंच होतं.

"कुणाच्या? तुझ्या का तिच्या?"

"दोघांच्या," मागून रुचिता म्हणाली.

पोलीस चांदणीभोवती एक फेरी मारून आला. शिंगं बघितली, कास बघितली, पाठीवरून हात फिरवला. कोल्हापुरात माणसाची पत ओळखायला वेळ लागतो, म्हशीची लगेच कळते. "जनावर चांगलं हाय," तो म्हणाला. मग त्याने शिट्टी फुंकून चारी बाजूंची वाहनं अडवली. "जावा बिगीनं. पेपर चुकंल."

कॉलेजात पोचल्यावर अनेकांतने गाडी सभागृहाच्या मागे झुडपात उभी केली. चांदणी गाडीशेजारी उभी राहिली.

"ही थांबेल?" रुचिताने विचारलं.

"गाडी हाय तितं म्हैस हाय," अनेकांतने पिराजीचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. गवळी समाजाबद्दल एवढी एक गोष्ट तो इंटरनेटवरून न घेता शिकला होता.

त्यात कमी एवढीच होती की पिराजीने हा नियम गूळ जवळपास नसतानाचा सांगितला होता. आत सम्राटने आपल्या टेबलावर गुऱ्हाळाचा देखावा मांडला होता. कापसाचा धूर, खेळण्यातला चरक आणि मधोमध गुळाची एक अख्खी ढेप. ढेप खरी होती. सभागृहाच्या खिडक्या उघड्या होत्या.

पुण्याच्या प्रियदर्शनी मॅडम पहिल्या रांगेत बसल्या होत्या. सकाळपासून सतरा सादरीकरणं पाहिलेल्या माणसाचा असतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. मगदूम सरांनी नाव पुकारलं, "अनेकांत चौगुले. विषय, गवळी समाज: एकरूपतेचा प्रवास."

अनेकांत उभा राहिला. सम्राटचं टेबल त्याच्या नेमकं मागे होतं.

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. "सुरू करायच्या आधी मला एक सांगा. 'संशोधक समाजाशी एकरूप झाला' हे वाक्य मला इथं प्रत्येकाने लिहून दिलंय. एकजण कबुतरांशी एकरूप झालाय. त्याला मी विचारलं, कबुतरं काय खातात? तो म्हणाला, आईला विचारून सांगतो. तर एकरूप म्हणजे नेमकं काय, हे तुम्ही मला दाखवू शकाल का?"

अनेकांतने सातव्या स्लाइडसाठी सराव केलेला उजवा हात उचलला.

तेवढ्यात सभागृहाचं दार ढकललं गेलं आणि चांदणी आत आली.

ती घाईत नव्हती. खुर्च्यांच्या मधल्या वाटेने, डावीकडे उजवीकडे न बघता, ती चालत आली. मुलांनी पाय आत घेतले. पहिल्या रांगेतून बघणाऱ्याला वाटलं असतं की ती सरळ अनेकांतकडे चालली आहे. ती सरळ ढेपेकडे चालली होती, पण रस्त्यात अनेकांत होता. ती त्याच्यापर्यंत आली, त्याच्या खांद्यावरून मान पुढे टाकली आणि मागच्या टेबलावरचं गुऱ्हाळ खायला लागली.

"माझा प्रकल्प," सम्राट हळूच म्हणाला.

ढेप संपली. मग चांदणीने एक दीर्घ श्वास सोडला, पुढचे गुडघे मोडले आणि पिराजीच्या सांगण्याबरहुकूम ती होती तिथेच बसली. हनुवटी अनेकांतच्या बुटावर ठेवली आणि डोळे मिटले.



"अनेकांत," मगदूम सरांनी आवाज शक्य तितका साधा ठेवला, "हा सादरीकरणाचाच भाग आहे का?"

"हो, सर."

"छान. पुढं चालू दे."

पुढे चालणं शक्य नव्हतं, कारण पाय म्हशीखाली होता. आणि म्हैस कुठे गेली ते चौकाचौकात विचारत आलेली रिक्षा बाहेर थांबून बनाबाई आत आली होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात अजून पाइपचा तुकडा, पदर कमरेला.

"कुटं हाय त्यो? माझी म्हस पळवून न्हेलेला कुटं हाय?" मग तिला चांदणी दिसली. "गूळ कुनी दिला हिला? आता उटंल का ही?"

मॅडम उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच काहीतरी हललं होतं. "नमस्कार, आजी. बसा. मला एवढंच सांगा, हा मुलगा तुमच्याकडे किती दिवस राहिला होता?"

अनेकांतने बनाबाईकडे बघितलं. त्या नजरेत बर्लिन होतं, कागल होतं, चार बरण्या होत्या आणि अर्धा स्वेटर होता. बनाबाईला त्यातलं काही दिसलं नाही.

"ऱ्हायला? ह्यो? दोनदा आलता. एकदा दूद पिऊन गेला, एकदा दूद पिताना फोटू काडून गेला. तांब्या बी इसळला न्हाय."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत.

"दोनदाच?"

"दोनदाच की. मी काय खोटं बोलतीय व्हय?"

"आणि तरी ही म्हैस गंगावेशीतून, भर रहदारीतून, याच्यामागे इथवर आली?"

"आली की. म्हनून तर मला रिक्षा करावी लागली."

मॅडमनी चष्मा काढला. "माझा एक विद्यार्थी एका पाड्यावर वर्षभर राहिला. निघाला त्या दिवशी त्याला निरोप द्यायला कुत्रंसुद्धा आलं नाही."

इथे अनेकांतला राहवलं नाही. त्याच्या घरात खोटं बोलायची पद्धत नव्हती. अहवालात लिहिणं वेगळं, पण तोंडाने बोलताना त्याला घाम फुटायचा. "मॅडम, ती माझ्यामागं नाही आली. गाडीमागं आली. आवाजामुळं. सातव्या स्लाइडवर आहे ते. आणि इथं गुळासाठी आली. मी काहीच केलं नाही."

"नम्रता," मॅडम लिहिता लिहिता मगदूम सरांना म्हणाल्या. "ही शिकवून येत नाही."

चांदणीला उठवायला आधी चार मुलं लागली, मग नऊ. मग बनाबाईने सगळ्यांना बाजूला केलं, अनेकांतचा पाय ओढून सोडवला आणि त्याला म्हणाली, "जा, गाडी चालू कर. आनि सावकाश करू नगोस."

त्याने झुडपात जाऊन किक मारली. आत चांदणी एका झटक्यात उभी राहिली आणि आली त्या वाटेने बाहेर निघाली. सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. बाहेर येईपर्यंत तिच्या एका शिंगाला तिबेटी स्वेटर अडकला होता, निळा, हरणांच्या नक्षीचा.

मॅडम पोर्चपर्यंत आल्या. "अभिनंदन, चौगुले. फेलोशिप तुमची. वर्षभराची आहे, येत्या सोमवारपासून."

अनेकांतचे कान गाडीच्या आवाजाने भरले होते, तरी हे ऐकू आलं. "मॅडम, सोमवारी कसं जमेल? व्हिसा काढायला वेळ लागतो."

"व्हिसा? गंगावेशीला?"

"बर्लिनला."

"बर्लिन कुठून आलं?"

अनेकांतने भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट दाखवलं. पोस्टर सम्राटने केलं होतं. सम्राटने आभाळाकडे बघितलं. "तो फोटो पोस्टरच्या तयार नमुन्यात आधीपासूनच होता. मी काढायला बघितला, निघंनाच."

"फेलोशिप समाजात राहण्याची आहे," मॅडम म्हणाल्या. "दोन भेटींत हे घडलं, तर वर्षभरात काय होईल, ते मला बघायचंय. गोठ्यातच राहायचं, त्यांच्याबरोबर उठायचं, त्यांच्याबरोबर धारा काढायच्या. अर्थात, आजींची हरकत नसेल तर."

बनाबाईने अनेकांतला बुटापासून केसापर्यंत न्याहाळलं. "पाटं उटतोय का?"

"नाही उठत," अनेकांत तातडीने म्हणाला.

"उटंल," बनाबाई मॅडमना म्हणाली.

संध्याकाळी त्याने काकांना फोन केला. नट आणि बोल्ट आता त्याला दोन वेगळ्या, कोरड्या, स्वच्छ वस्तू वाटत होत्या. काका म्हणाले, "आरं, ती जागा मी कालच भरली. तू जर्मनीला निघालास म्हणून वहिनींनी पेढे पाठवले की." मग त्याने शिरोळला फोन केला आणि सगळं सांगितलं. मागे उसात वारा वाजत होता.

"म्हंजे बर्लिन न्हाय."

"नाही, आप्पा."

"गंगावेस."

"हो."

"बरं हाय," नेमगोंडा म्हणाले. "चटण्या वाया जाणार न्हाईत. पर एक सांग, म्हशीच हाकायच्या हुत्या तर आपल्या गोठ्यात चार हाईत. त्यांनी तुझं काय वाईट केलंतं?"

सोमवारी तो गंगावेशीत राहायला गेला. रुचिता तिबेट्यांना गाठोडं परत करून तिकडूनच आली होती. शिंगाने भोक पडलेला निळा स्वेटर तिबेटी बाईंनी परत घेतला नव्हता, तो तिने अनेकांतला दिला. आईने विणलेला स्वेटर त्यावरून घातला की पहाटेच्या थंडीत जेमतेम भागायचं.

पिराजीची मोटारसायकल तर त्याने पुन्हा हातात धरली नाही. कॉलेजला जायला त्याने आत्याची बॅटरीवर चालणारी स्कूटर मागून आणली. ती चालू केली तरी चालू आहे की नाही, ते वाकून बघावं लागायचं. पहिला आठवडा तो पहाटे शेण काढून, धारा काढून, चांदणीला धुऊन, तिला गुळाचा खडा भरवून त्या मुक्या स्कूटरवरून निघून जायचा आणि कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

पाडवा होऊन गेल्यावर एका सकाळी तो असाच निघाला. पापाच्या तिकटीला पोचल्यावर आरशात बघितलं. आरसाभर म्हैस होती.

त्याने स्कूटर थांबवली. चांदणी थांबली. तो उतरून दहा पावलं पायी चालत गेला. चांदणी स्कूटर तिथेच सोडून त्याच्यामागे दहा पावलं आली आणि त्याच्या दंडाला नाक लावून उभी राहिली. तिला गूळ नको होता. गूळ तिने मघाशीच खाल्ला होता.

काठी टेकत बनाबाई मागून आली. तिने एकदा बंद स्कूटरकडे बघितलं, एकदा म्हशीकडे, मग दोन स्वेटर घातलेल्या अनेकांतकडे.

"आता झालं तुजं," ती म्हणाली. "आता तू जाशील तितं ही येनार." मग तिने चांदणीच्या पाठीवर हात ठेवला. "त्ये बर्लिन का काय, लई लांब हाय व्हय रं? वाटंत पानी हाय का?"